गनिमी कावा आणि काळाचा घाला



अलीकडे कोणी दुसऱ्याला फसवले की लोक कौतुकाने म्हणतात, ‘काय गनिमी कावा केला!’ निवडणुकीत दगा झाला, भावाभावांत जमिनीचा कागद परस्पर फिरवला, तरी हाच शब्द. ज्या शब्दाच्या आधाराने स्वराज्य उभे राहिले, तो शब्द असा लबाडीच्या पंगतीला बसलेला पाहवत नाही. म्हणून आज त्याचाच थोडा विचार करू.

‘गनीम’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. युद्धातली लूट म्हणजे ‘गनीमत’, आणि गनीम म्हणजे लुटारू, शत्रू. मोगलांच्या लिखाणात हे नाव मराठ्यांना दिलेले आढळते. म्हणजे शत्रूने आपल्याला ठेवलेले नाव आपण युद्धपद्धतीचे नाव म्हणून मिरवले! ‘कावा’ म्हणजे डावपेच हे आपण जाणतोच. पण घोड्याला गोल फेर धरून फिरवणे, यालाही कावा म्हणत. रिंगणात माउलींचा अश्व धावताना तुम्ही पाहिला आहे. समोरून न भिडता फेर घ्यावा, हुलकावणी द्यावी आणि नेमक्या क्षणी झडप घालावी, हे सारे त्या शब्दात आहे.

आता या काव्याचे काम पाहा. फेब्रुवारी 1661 मध्ये शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन सह्याद्री उतरून कोकणात निघाला. आजच्या खोपोलीजवळ उंबरखिंड आहे. दाट रान, वाट अरुंद, पाण्याची वानवा. फौज खिंडीत पुरती शिरेपर्यंत महाराजांनी वाट पाहिली आणि मग पुढची-मागची वाट बंद केली. खान शरण आला. महाराजांनी खंडणी घेतली आणि त्याला जाऊ दिले. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात हा प्रसंग आला आहे. शरण आलेल्यांची कत्तल झाली नाही, हे विसरू नका.

पुढे एप्रिल 1663 मध्ये पुण्याच्या लाल महालावर रात्री छापा पडला. शाहिस्तेखान पुण्यात येऊन तीन वर्षे होत आली होती. भोवती प्रचंड छावणी होती, आणि ‘इथे कोण येणार?’ हा भरवसा होता. महाराज मोजकी माणसे घेऊन थेट महालात शिरले. खानाची बोटे गेली, जीव वाचला. छावणी मोठी होती खरी, पण गाफील होती.

मग हा कावा आणि दरोडेखोराचा घाला यांत फरक काय? ‘घाला’ हाही अचानक हल्ल्याचाच शब्द आहे, ‘घालणे’ या क्रियापदापासून झालेला. फरक हेतूत आहे. घाला घालणारा दुबळ्याला लुटतो. महाराजांनी मात्र चिपळूणकडच्या आपल्याच लष्कराला पत्राने बजावले होते, की रयतेचे धान्य, गवत, भाजीपाला फुकट घ्यायचा नाही, लागेल ते पैसे देऊन विकत आणायचे. थोड्या बळाने बलाढ्याला रोखणे आणि दुबळ्याला राखणे, हा गनिमी कावा. विश्वासाने झोपलेल्या भावाच्या उशाखालची किल्ली काढणे याला दुसरे नाव आहे. ते उच्चारायची गरज नाही.

आणि माउली, ‘घाला’ म्हटले की वारकऱ्याला काळ आठवतो. कोणाचे अकाली निधन झाले की आपण म्हणतो, ‘काळाने घाला घातला.’ तो खंडणी घेऊन सोडत नाही. कामक्रोधादी सहा शत्रूही गनिमासारखेच वागतात. कीर्तनात टाळ वाजत असतो तेव्हा क्रोध जवळ येत नाही; घरी पोचल्यावर जेवायला उशीर झाला की उडी घालतो. अहंकार तर कीर्तनकाराच्या मागेच दबा धरून असतो. कोणी ‘वा महाराज!’ म्हटले की तीच त्याची खिंड.

उपाय? पहारा. पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीची शेजारती, या आपल्या चौक्या आहेत. मधल्या वेळी तोंडात नाम असावे. आणि एकटे चालू नये. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखी सोहळा सुरू केला, असे परंपरा सांगते. तेव्हा औरंगजेब आपली फौज घेऊन दक्षिणेत होता, मुलूख लढाईने पेटला होता. तरी लोक दिंडीने पंढरीस निघाले. दिंडीत एकाचा डोळा लागला तर दुसरा जागा असतो. एकाचा पाय अडला तर दुसरा हात देतो.

तेव्हा हा शब्द वापराल तर त्याचा मान राखून वापरा. दुबळ्याच्या रक्षणासाठी युक्ती लढवलीत, तर खुशाल त्याला गनिमी कावा म्हणा. आणि स्वतःच्या मनाच्या गडावर मात कोणाचाही छापा पडू देऊ नका. दार राखायला विठोबा विटेवर उभाच आहे. आपण जागे राहावे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!