जुन्या डबा टीव्हीवर एचडी का दिसत नाही?

घरात जुना डबा टीव्ही आहे आणि एचडी पॅक घ्यायचा विचार करताय? मग आधी हे वाचा.

आपल्याकडे अ‍ॅनालॉग टीव्हीसाठी 'पाल' पद्धत वापरली जायची. त्यात एक चित्र ६२५ आडव्या ओळींचं असतं. त्यातल्या साधारण ५७६ ओळींमध्येच चित्र असतं. बाकीचा वेळ किरण खालून पुन्हा वर नेण्यात जातो. आधी विषम ओळी, मग सम ओळी, अशी सेकंदाला २५ पूर्ण चित्रं तयार होतात. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं, पण ओळी तेवढ्याच राहिल्या.

फुल एचडीत मात्र १०८० ओळी असतात. एचडी सेट-टॉप बॉक्स पिवळ्या पिनच्या वायरने जोडला, तर बॉक्सच चित्र ५७६ ओळींवर आणून टीव्हीला देतो. म्हणजे पैसे एचडीचे, चित्र जुनंच!

मग लहानपणी चित्र स्पष्ट कसं वाटायचं? पडदा असायचा २०-२१ इंची आणि आपण बसायचो लांब. त्यामुळे ओळी वेगळ्या दिसायच्याच नाहीत. तेच चित्र ४३ इंची पडद्यावर पसरलं की धूसर वाटतं.

थोडक्यात, टीव्ही बदलणार नसाल तर साधा पॅकच पुरेसा आहे.