तीन पौंडांपासून एकोणतीस हजार पौंडांपर्यंत : जोडीदाराला घरी आणण्याची किंमत

थ्रेड. थोडा लांबला आहे, तेव्हा सवडीने वाचा.

आकुर्डीत वाढलेली एक मुलगी कॉव्हेंट्रीत नोकरी करते आहे, असे समजा. तिला ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा परवाना मिळाला आहे आणि तिने चाकणच्या वाहनकारखान्यात अभियंता असलेल्या मुलाशी लग्न केले आहे. आता नवऱ्याला कॉव्हेंट्रीच्या घरी न्यायचे, तर २०२४ च्या नियमानुसार तिचे स्वतःचे वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड हवे. नवऱ्याचा चाकणमधला पगार कितीही घसघशीत असला, तरी तो या हिशेबात धरला जात नाही. उत्पन्नाऐवजी केवळ बचत दाखवायची असेल, तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात असावे लागतात.

व्हिसाच्या फायली भरताना हा आकडा सगळेच पाहतात. पण तो येतो कुठून? संसाराला लागणाऱ्या पैशाचा कुणी हिशेब मांडला, की किती माणसे आत यावीत हे आधी ठरले आणि आकडा त्यामागून आला? या प्रश्नाचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे आणि त्यात पुण्याचा एक माणूस अगदी मध्यभागी उभा आहे.

तो माणूस म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. चिंचवडच्या चापेकर बंधूंची कथा आपल्या भागातल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. त्या कथेत गोखले आलेच तर १८९७ साली प्लेगच्या सैनिकांवरील आरोपांबद्दल माफी मागणारे मवाळ पुढारी म्हणून येतात आणि पुढच्या पानावर नाहीसे होतात. त्यांचे दक्षिण आफ्रिकेतले काम मात्र आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

तिथला प्रश्न असा होता. नाताळमधल्या उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले जात. त्यांत मराठी माणसे थोडी. बहुतेक तमिळ, तेलुगू आणि बिहार-संयुक्त प्रांतातली. पाच वर्षांचा करार संपला की मजूर मोकळा होई आणि तिथेच भाजीपाला पिकवू लागे, दुकान थाटू लागे. गोऱ्या वसाहतवाल्यांना मजूर हवे होते, शेजारी नको होते. म्हणून १८९५ मध्ये कायदा झाला : करार संपल्यावर ज्याला परत जायचे नाही आणि नवा करारही करायचा नाही, त्याने दरवर्षी तीन पौंड भरावेत. नाताळ सरकारची मूळ मागणी २५ पौंडांची होती. व्हाइसरॉय एल्गिन यांनी ती तीनवर आणून मान्यता दिली आणि त्याला उपकाराचे रूप आले.

हा कर माणशी होता, कुटुंबाला एक असा नव्हता. नवऱ्याचे तीन, बायकोचे तीन. पुढे सोळा वर्षांवरील मुलगे आणि तेरा वर्षांवरील मुलीही त्यात ओढल्या गेल्या. आता हिशेब करा. करारबद्ध मजुराचे पहिल्या वर्षीचे वेतन महिन्याला १० शिलिंग आणि पौंडाचे शिलिंग २०. म्हणजे नवरा-बायकोचे मिळून सहा पौंड हे बरोबर एका वर्षाचे वेतन झाले. बायकोसह स्वतःच्या घरात राहण्याची ही वार्षिक किंमत. ती परवडू नये, हाच तिचा उद्देश होता; त्या काळचे कायदेकर्ते तो लपवीतही नसत.

गोखल्यांनी १९१० मध्ये केंद्रीय कायदेमंडळात नाताळला करारबद्ध मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव मांडला आणि तो संमत झाला. ऑक्टोबर १९१२ मध्ये ते स्वतः केपटाउनला उतरले. मधुमेहाने शरीर खंगलेले असताना त्यांनी महिनाभर त्या देशात प्रवास केला. प्रिटोरियात बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांना भेटून ते परतले, तेव्हा तीन पौंडांचा कर जाणार अशी त्यांची खात्री झाली होती. गांधीजींची झाली नव्हती. पुढल्या वर्षी नाताळच्या गोऱ्यांचा विरोध पुढे करून सरकारने कर ठेवला, आणि गांधीजींची शंका खरी ठरली.

त्याच वर्षी दुसरा घाव बसला. केप प्रांतातल्या एका भारतीय मुस्लिम रहिवाशाची पत्नी बाई मरियम भारतातून येत होती. तिला प्रवेश नाकारला गेला. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, ज्या धर्मात बहुपत्नीत्वाला मुभा आहे त्या धर्माच्या विधीने झालेला विवाह इथला कायदा पत्नीच्या प्रवेशासाठी मानणार नाही. एका निकालाने हजारो हिंदू, मुस्लिम, पारशी बायका कायद्याच्या दृष्टीने बायका उरल्या नाहीत.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण ती पुढे वारंवार दिसेल. जोडीदाराच्या वाटेवर दोन फाटके असतात : एक पैशाचे, दुसरे पुराव्याचे. पहिल्यावर तुमची ऐपत विचारतात, दुसऱ्यावर तुमचे लग्न खरे आहे का ते. एक फाटक सैल झाले की दुसरे आवळले जाते.

सर्ल-निकालाने स्त्रियांना लढ्यात आणले. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा फोल्क्सरस्टला पकडल्या गेल्या. तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. मग खाणींतल्या आणि मळ्यांतल्या मजुरांनी संप पुकारला आणि नोव्हेंबरमध्ये दोन हजारांहून अधिक लोक ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे चालत निघाले. इकडे गोखले आजारी असूनही सत्याग्रहासाठी देशभरातून पैसा उभा करीत होते. १९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर रद्द झाला, थकबाकी माफ झाली आणि एका पत्नीला व अज्ञान मुलांना प्रवेशाचा हक्क मिळाला. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गेले. त्यांच्या चरित्रांत हे प्रकरण अधिक विस्ताराने यायला हवे, असे मला नेहमी वाटते.

याच सुमारास अटलांटिकपलीकडे कॅनडानेही असेच फाटक बांधले होते. १९०८ मध्ये तिथल्या सरकारने आशियाई स्थलांतरितांनी उतरताना खिशात २०० डॉलर दाखवावेत, असा हुकूम काढला; त्याआधी ही रक्कम २५ डॉलर होती. जोडीला मायदेशातून अखंड प्रवास करून येण्याची अट घातली. भारतातून थेट कॅनडाला जाणारी बोट मिळत नव्हती, हे ओटाव्याला ठाऊक होते. कोमागाता मारूची १९१४ ची शोकांतिका तुम्ही वाचली असेल. तिच्या दोन वर्षे आधीची घटना कमी जणांना माहीत असते. जानेवारी १९१२ मध्ये व्हँकूव्हरच्या शीख समाजाचे पुढारी भागसिंग आणि बलवंतसिंग आपापल्या बायकामुलांना घेऊन परतले. पुरुषांना उतरू दिले, बायकामुलांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला. अखेर ‘कृपा म्हणून, पायंडा न पाडता’ त्यांना राहू दिले. पत्नीला आणणे हा हक्क मानायला १९१९ साल उजाडले. गंमत पाहा, आज त्याच कॅनडात पती किंवा पत्नीला आणण्यासाठी साधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही.

या जुन्या नियमांत पैसा दाखवायचा किंवा भरायचा, तो परक्याने. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे उलटले. अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने तिथल्या नागरिकालाच जामीन केले : जोडीदाराला बोलावणाऱ्याचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट हवे आणि त्याने सांभाळण्याची लेखी हमी द्यावी. ऐपत आता आपल्याच माणसाची तपासली जाऊ लागली. माझ्या मते या इतिहासातला खरा सांधा हाच आहे.

ब्रिटनची कहाणी थोडी अधिक गुंतागुंतीची आहे. तिथे आधी पुराव्याचे फाटक उभे होते आणि ते किती खालच्या थराला गेले, हे १९७९ मध्ये जगाला कळले. लग्न करण्यासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर ‘कौमार्य चाचणी’ केल्याचे उघड झाले. वाग्दत्त वधूला व्हिसा लागत नसे, पत्नीला लागत असे. तेव्हा ही अविवाहितच आहे ना, याची ती ‘खात्री’ होती. त्यानंतर नियमांत नवी अट आली : लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणे हा नव्हता, हे जोडप्याने सिद्ध करायचे. हेतू नव्हता हे सिद्ध कसे करणार? ही अट प्रामुख्याने परदेशी नवऱ्यांसाठी होती. पुरुष आले तर नोकऱ्या जातील, हे कारण.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या तीन स्त्रियांनी नवऱ्यांसाठी स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली. मे १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितले की, पुरुषाला बायको सहज आणता येते आणि स्त्रीला नवरा आणता येत नाही, हा लिंगभेद आहे. सरकारने समानता आणली, पण कशी? नवऱ्यांची वाट सोपी केली नाही. बायकांचीही तितकीच अवघड केली. निकाल जिंकूनही हरावे, ते असे.

ती हेतूची अट जून १९९७ मध्ये रद्द झाली. पंधरा वर्षांनी, जुलै २०१२ मध्ये, किमान उत्पन्नाचा आकडा आला : १८,६०० पौंड. मूल असेल तर आणखी. न्यायाने सांगायचे तर हा आकडा हवेतून काढलेला नव्हता. सरकारच्या स्थलांतर सल्लागार समितीने हिशेब मांडला होता की, एवढ्या कमाईला जोडपे उत्पन्नाधारित सरकारी मदतीवर अवलंबून राहत नाही. त्यावर वाद घालता येईल, पण तो हिशेब होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने अट तत्त्वतः कायदेशीर ठरवली. मात्र मुलांच्या हिताचा पुरेसा विचार झाला नाही आणि इतर मार्गांनी मिळणारा पैसा अजिबात न पाहणे योग्य नाही, असे बजावले.

एप्रिल २०२४ मध्ये आकडा २९,००० झाला, आणि पुढे ३८,७०० करण्याचे जाहीर झाले. इथे मोजपट्टीच बदलली. नवे आकडे कुशल कामगारांच्या पगारांवरून घेतलेले होते. दोन माणसांच्या संसाराला काय लागते, याच्याशी त्यांचा संबंध राहिला नव्हता. स्थलांतराचा एकूण आकडा खाली आणायचा होता, हे सरकारने उघड सांगितले. सत्तांतरानंतर पुढची वाढ थांबली. जून २०२५ मध्ये त्याच सल्लागार समितीने नोकरीसाठी येणाऱ्यांची पट्टी कुटुंबांना लावू नये, असे मत दिले आणि २३,००० ते २८,००० पौंडांच्या दरम्यानचे पर्याय सुचवले. स्त्रियांची सरासरी कमाई पुरुषांपेक्षा कमी असल्याने १९८५ चा जुना भेद या पैशाच्या फाटकातून पुन्हा आत शिरतो. आपल्या आकुर्डीच्या मुलीला तो कोणत्याही पुस्तकाविना समजेल.

आता उलट दिशा. पिंपरी-चिंचवडला परदेशी माणसे नवी नाहीत. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या गाड्या टेल्कोच्या पिंपरीतील आवारात जुळू लागल्या. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि मर्सिडीजही तिथेच गेली. जिथे माणसे येतात, तिथे सोयरिकीही जुळतात. मग चिंचवडच्या माणसाने जर्मन किंवा कोरियन जोडीदाराला इथे आणायचे, तर भारत काय विचारतो?

उत्पन्नाचा ठरावीक आकडा विचारत नाही. विवाहाची नोंद, पासपोर्ट, चौकशी आणि एंट्री व्हिसा, असा मार्ग आहे. आपल्याकडे पैशाचा आकडा आहे तो नोकरीसाठी येणाऱ्याला : वर्षाला २५,००० डॉलर, जो पुढे १६.२५ लाख रुपये असा लिहिला गेला. त्याला अपवादही आहेत, आणि त्यांतला एक मला फार आवडतो : आपल्या देशाचे जेवण रांधणारा आचारी. जपानी अभियंत्याला पगाराची अट, त्याला मिसो सूप करून घालणाऱ्याला ती नाही.

पण म्हणून आपले दार सरळ होते असे समजू नका. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात विवाहामुळे नोंदणीने नागरिकत्व मागण्याची सोय होती, ती फक्त ‘भारतीय नागरिकांशी विवाह केलेल्या स्त्रियांना’. परदेशी सुनेला वाट होती. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि विक्रम खानोलकरांशी लग्न करून इथल्याच झालेल्या सावित्रीबाईंनी परमवीरचक्राचे रेखाटन केले, हे आपण अभिमानाने सांगतो. परदेशी जावयाला मात्र तो मार्ग बंद होता. त्याला देशीयकरणाची लांबची वाट धरावी लागे. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ या शब्दाच्या जागी ‘व्यक्ती’ आला, म्हणजे स्ट्रासबुर्गच्या निकालानंतर वर्षभराने. दोन्हींचा संबंध असल्याचा माझा दावा नाही, पण तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत.

आज भारतीयाच्या परदेशी पती किंवा पत्नीला नोंदणीकृत विवाहाला दोन वर्षे झाल्यावर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो, तर नागरिकत्वाच्या नोंदणीसाठी सात वर्षांचे वास्तव्य लागते. कार्ड मिळाले तरी मतदानाचा हक्क मिळत नाही. आणि विवाहाच्या आधारावर मिळालेले हे कार्ड घटस्फोट झाल्यास रद्द करता येते, मग ती व्यक्ती चाकणमध्ये कितीही वर्षे राहिलेली असो.