गेरूची भिंत

आमच्यापैकी एकाच्या घराला गेल्या दिवाळीपूर्वी रंग द्यायचा होता. रंगाऱ्याने छटांचे पुस्तक आणले. बैठकीच्या खोलीतील एका भिंतीसाठी गडद, उबदार असा मातकट तांबडा रंग एकमताने ठरला. त्याखाली नाव छापले होते 'टेराकोटा'. आमच्या सहकाऱ्याच्या मातोश्रींनी चष्मा लावून ती छटा पाहिली आणि त्या म्हणाल्या, "अरे, हा तर गेरू! याला एवढे पैसे?"

गेरू, काव, पिवडी, हुर्मुजी. पदव्युत्तर वर्गात आम्ही हे शब्द विचारले, तेव्हा कुंड्यांना लावतात तो गेरू, यापलीकडे उत्तर आले नाही. हुर्मुजी या शब्दात तर तांबड्या मातीसाठी प्रसिद्ध असलेले इराणजवळचे होर्मूझ बेट दडलेले आहे; म्हणजे आपल्या भिंतीवर सागरी व्यापाराचा इतिहासही होता.

या मातींचा रंग लोहाचा. पिवडीतील लोहसंयुगात पाणी बांधलेले असते. ती भाजली की पाणी निघून जाते आणि पिवळी माती तांबडी होते. भिंतीसाठी मातीच का, याचे उत्तर चुन्यात आहे. हळदीला चुना लागला की तिचे कुंकू होते, हे आपल्याला स्वयंपाकघरातूनच ठाऊक. वनस्पतींचे बरेच रंग चुन्यापुढे असे बदलतात किंवा विटतात. गेरू मात्र चुन्यात टिकतो. कोकण-गोव्यातील देवळांच्या भिंतींवरील कावी चित्रे याच गुणावर उभी आहेत: पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. अजिंठ्याच्या चित्रांतही तांबडी व पिवळी माती आहेच.

पण लेणी आणि देवळे यांचा इतिहास लिहिला जातो. घरातल्या भिंतीचा कोण लिहिणार? मातीच्या घराची भिंत दर पावसाळ्यानंतर नव्याने लिंपावी आणि रंगवावी लागे, आणि हे काम बहुतेक घरच्या बायकांचे. त्याची मजुरी नव्हती, म्हणून नोंदही नाही. डहाणू परिसरातील वारली घरांत कारवीच्या कुडावर शेण-माती लिंपून वर गेरूचा हात देत, आणि लग्नाच्या वेळी त्यावर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहीत. 1970च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. तरी भिंत लिहिणाऱ्या सवाशिणींपैकी किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील?

शहरात गेरू मागे पडला, तो काही कुरूप ठरला म्हणून नव्हे. विटा-सिमेंटचे घर झाले की मातीचा रंग हा कच्च्या घराची, म्हणजे गरिबीची, खूण वाटू लागतो. मुंबईत 1942 साली एशियन पेंट्स सुरू झाली. 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी रेखाटलेला खट्याळ 'गट्टू' हाती ब्रश घेऊन घरोघरी पोहोचला. डिस्टेंपर आले. आमच्या बालपणीच्या भिंती फिकट निळ्या आणि पिस्ता रंगाच्या होत्या. गावच्या घरी आजीने दिलेला तांबडा पट्टा तेवढा उरला, तोही चुलीपाशी.

आता तोच रंग परदेशी नाव घेऊन परतला आहे. आम्हाला त्यात तक्रार नाही. बैठकीची ती भिंत संध्याकाळच्या दिव्यात खरोखर सुंदर दिसते. मातोश्री परवा तिला टेकून बसल्या होत्या. उठताना सवयीने त्यांनी पदर पुढे घेऊन पाहिला. गेरूच्या भिंतीला टेकले की पाठीवर तांबडे उमटत असे. पदर कोरा होता.