छत्री, मुंग्या आणि डेसिबल

पाली गावाकडून राजगड चढून बालेकिल्ल्यावर पोहोचलेल्या माणसाला सिंहगड शोधत बसावं लागत नाही. ईशान्येला, सुमारे १५ किलोमीटरवर, ज्या डोंगरावर टीव्हीचा मनोरा दिसतो तो सिंहगड. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि १९७३ साली त्याचे कार्यक्रम पुण्याला दाखवणारं सहक्षेपण केंद्र या गडावर आलं. टेहळणीला सोयीची जागा प्रक्षेपणालाही सोयीची ठरली, कारण टीव्हीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात.

खोऱ्यात मात्र डोंगराची धार आडवी आली की पडद्यावर मुंग्या! मग कुणीतरी कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून ‘आलं, आलं... गेलं’ अशी आरोळी यायची. कड्यावर आपटून उशिरा पोहोचलेली लहर एका निवेदकाचे दोन करी. बूस्टर लावून चित्र सुधारेलच असंही नव्हतं. तो सिग्नलबरोबर मुंग्याही वाढवतो.

१९९१च्या आखाती युद्धानंतर शहरांत केबल पसरली. केबलवाल्याच्या हेडएंडमध्ये मोठी डिश उपग्रहाचा सिग्नल घेई, मॉड्युलेटर प्रत्येक वाहिनीला तिची फ्रिक्वेन्सी देई आणि पुढे कोएक्सियल वायर, ॲम्प्लिफायर, स्प्लिटर अशी वाटावाटी चाले. घरोघरी जाणाऱ्या आरजी-६ वायरीत वरच्या वाहिन्यांचा सिग्नल १०० मीटरमागे सुमारे २० डेसिबलने घटतो, म्हणजे शक्तीचा शंभरावा हिस्सा उरतो. सोसायट्यांच्या पुण्यात हे परवडतं. विखुरलेल्या वाड्यांच्या वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, दर थोड्या अंतरावर ॲम्प्लिफायर आणि त्याला वीज द्यायची म्हटली तर हिशेब कसा जुळणार?

अशा मुलखाला उपयोगी पडली ती घरावरची छत्री, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल थेट घेणारी छोटी डिश. डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शनची मासिक शुल्क नसलेली डीटीएच सेवा सुरू झाली. तीच आजची डीडी फ्री डिश. पुण्यातल्या केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा करण्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती, गावांसाठी ती मार्च २०१७पर्यंत लांबली. छत्रीवाल्यांकडे बॉक्स आधीच होता.

उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असल्याने मधल्या धारेची अडचण बरीचशी मिटली, पण पावसाची आली. छत्रीच्या केयू बँडच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या. मुसळधार पावसात त्या वाटेतच क्षीण होतात. ॲनालॉगचं चित्र हळूहळू बिघडे, डिजिटल मात्र चुका दुरुस्त करता येतात तोवर स्वच्छ राहतं, मग चौकोन पडतात आणि ‘नो सिग्नल’. घाटमाथ्याजवळ ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री बसवली तर सव्वादोनपट सिग्नल गोळा होतो आणि हलक्यासलक्या सरींत चित्र टिकतं.