‘इंग’ की ‘एड’? शब्दाचं शेपूट बघा, इंग्रजी मेसेज निम्मा कळेल

बियाण्याच्या पिशवीवर ‘ट्रीटेड’, बँकेच्या मेसेजमध्ये ‘डेबिटेड’, दाखल्यावर ‘इश्यूइंग ऑथॉरिटी’. हे शब्द आपण कायम बघतो, पण अर्थ अंदाजानं लावतो. खरं तर शब्दाचं शेपूट बघितलं की बरंच काही उलगडतं.

इंग्रजीत क्रियापदापासून विशेषण तयार होतं, त्याला पार्टिसिपल म्हणतात. शाळेत आपण ‘धातुसाधित विशेषण’ शिकलो, तेच हे. त्याचे दोन प्रकार आहेत.

‘इंग’ म्हणजे करणारा : काम तो स्वतः करतो. इश्यूइंग ऑथॉरिटी म्हणजे दाखला देणारा अधिकारी. बॉइलिंग वॉटर म्हणजे उकळणारं पाणी.

‘एड’ म्हणजे केलेला किंवा झालेला : काम त्याच्यावर झालेलं असतं. सँक्शन्ड अमाउंट म्हणजे मंजूर केलेली रक्कम. बॉइल्ड वॉटर म्हणजे उकळलेलं पाणी.

ट्रीटेड सीड म्हणजे औषध लावलेलं बियाणं. पेरून उरलं तरी ते दळायला, जनावराला किंवा कोंबड्यांना घालू नका, विषबाधा होऊ शकते. एवढ्या एका शब्दात इशारा आहे.

नोकरीच्या अर्जातली चूक

गावातल्या एका पोरानं अर्जात लिहिलं होतं, ‘आय अ‍ॅम इंटरेस्टिंग इन धिस जॉब’. त्याला म्हणायचं होतं, मला या कामात रस आहे. पण इंटरेस्टिंग म्हणजे दुसऱ्याला रस वाटायला लावणारा. तिथं ‘इंटरेस्टेड’ हवं. तसंच कंटाळा आणणारं भाषण ‘बोअरिंग’ आणि कंटाळलेले श्रोते ‘बोअर्ड’. भावना ज्याच्या मनात येते त्याला ‘एड’, जो ती आणतो त्याला ‘इंग’.

काळ आधीच्या शब्दात बघा

नुसत्या ‘एड’वरून काम कधी झालं ते कळत नाही. ‘हॅज बीन डेबिटेड’ म्हणजे पैसे खात्यातून गेले. ‘विल बी डेबिटेड’ म्हणजे पुढे जाणार आहेत. ‘आज रात्री वीज विल बी डिस्कनेक्टेड, या नंबरवर फोन करा’ असे फसवे मेसेज येतात. वीज तोडलेली नसते, नुसती भीती घातलेली असते. त्या नंबरवर फोन करू नका, बिल भरलंय का ते वीज कार्यालयात विचारा. तुम्ही न केलेला व्यवहार ‘डेबिटेड’ दिसला तर लगेच बँकेला कळवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

तीन अपवाद लक्षात ठेवा

1. सगळ्यांना ‘एड’ लागत नाही. ब्रोकन (मोडलेलं), सोल्ड (विकलेलं), पेड (पैसे भरलेलं) हे त्याच जातीचे.

2. काही ठिकाणी दुसऱ्या कुणी काम केलेलं नसतं, ते आपोआप झालेलं असतं. फॉलन लीव्ह्ज म्हणजे गळून पडलेली पानं.

3. प्रत्येक ‘इंग’ म्हणजे करणारा नव्हे. ड्रिंकिंग वॉटर म्हणजे पिणारं पाणी नाही, पिण्याचं पाणी.

पोरांना अभ्यासाला बसवताना मराठीतच विचारा, ‘करणारा की केलेला?’ उत्तर आलं की शेपूट आपोआप बरोबर लागतं.