कामणच्या कढईतली न्योक्की

पाककलेचे इतिहास बहुधा राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यात सुरू होतात आणि तिथल्याच पंगतीत संपतात. प्रजेने काय खाल्ले हे लिहून ठेवण्याची तसदी बखरकारांनी घेतली नाही. त्यांना तहाची कलमे महत्त्वाची, आमटीची फोडणी नव्हे! आणि तरीही, वाचकहो, एखाद्या प्रांतावरून किती राज्ये गेली हे पाहायचे असेल तर किल्ल्याच्या तटापेक्षा चुलीवरचे भांडे अधिक बोलके असते असे माझे मत आहे. मी शाळेत इतिहास शिकविते. फळ्यावर सनावळ्या लिहून जे मुलांच्या गळी उतरत नाही, ते कधीकधी बटाट्याच्या गोष्टीने उतरते.

कामण हे आमचे गाव वसई तालुक्याच्या पूर्वेकडचे. पाठीशी कामणदुर्गाचा डोंगर, पलीकडे तुंगारेश्वराचे रान, एका बाजूला चिंचोटीचा धबधबा. वसई रोडहून दिव्याला जाणाऱ्या लोहमार्गावर आमचे स्थानक आहे, त्याला कामण रोड म्हणतात. पूर्वी ठाणे जिल्हा सांगायचो, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर सांगतो. पश्चिमेकडची वसई निराळी. तिथे वाड्या, विहिरी, केळी, चर्च, आणि समुद्राकडे तोंड करून उभा असलेला भग्न किल्ला. आम्ही डोंगराकडचे, ते समुद्राकडचे. पण बाजार एकच, आणि बाजाराबरोबर जिभाही थोड्याफार एक होतातच.

या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात न्योक्की नावाचा इटालियन पदार्थ आला. आणला माझ्या लेकीने. उकडलेला बटाटा आणि मैदा यांचे अंगठ्याच्या पेराएवढे गोळे, कोंबडीच्या तुकड्यांबरोबर एकाच कढईत शिजवायचे आणि वरून दाट साय घालायची. वरण नाही, भात नाही, दुसरे भांडे नाही. पावसाळ्यात विहिरीकाठी भांडी घासायला बसणाऱ्या बाईला यातला शेवटचा गुण प्रथम दिसतो, हे पुरुष वाचकांना कदाचित कळायचे नाही.

नाव ऐकून बिचकायचे कारण नाही. इटालियन भाषेत त्या शब्दाचे नाते गाठीशी जोडतात. पिठाची गाठ, दुसरे काय? आपल्याकडे अशा गाठींना तोटा नाही. देशावरचे हुलग्याचे शेंगोळे घ्या, आमटीत सोडलेली वरणफळे घ्या. लग्नाच्या रुखवतात मिरविणारा बोटवा तर याच जातीचा : गव्हले, मालत्या, नखाने दाबलेल्या नखुल्या, फणीवर दाबलेल्या फणुल्या. फणीवर का दाबायच्या? रेघा उठाव्यात म्हणून. इटलीची बाई न्योक्की काट्याच्या पाठीवरून फिरवते तीही रेघांसाठीच, कारण त्या खाचांत रस्सा धरून राहतो. दोघींची भेट कधी झाली असेल असे नाही, पण बोटांना सुचते ते सगळीकडे सारखेच सुचते. वसईच्या ख्रिस्ती घरांतले फुगेही आठवा. मैद्याचे, पूर्वी ताडीने आंबविलेले, तेलात तळलेले गोल गोळे, लग्नात मटणाच्या रश्शाबरोबर वाढलेले. गोळा आणि रस्सा हे लग्न फार जुने आहे.

आता इटलीकडे वळू. १६९५ साली जेमेल्ली कारेरी नावाचा नेपल्सकडचा एक वकील जगप्रदक्षिणेला निघालेला असताना वसईला उतरला होता. वसईबाहेर मैलोगणती पसरलेल्या बागा पाहून तो हरखून गेला : ताडमाड, आंबे, भरपूर ऊस, आणि यंत्राने पाणी उपसून त्या हिरव्या ठेवणारे शेतकरी, ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू असे तिन्ही. हे यंत्र म्हणजे आपला रहाटच असणार. साथीच्या भयाने शहरातले धनिक उन्हाळ्यात त्या बागांतल्या बंगल्यांत येऊन राहत. गंमत पाहा, ज्या देशाचा पदार्थ म्हणून माझी लेक ही न्योक्की मिरवते, त्या देशाच्या या गृहस्थाला बटाट्याची न्योक्की ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्या काळी इटलीत न्योक्की होत ती पावाच्या चुऱ्याची, पिठाची, चीजची. बटाटा तिथल्या ताटात मानाने बसला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्यात.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याचे नाव आपण पोर्तुगिजांकडून घेतले, तसेच पावाचे, कोबीचे, अननसाचे आणि काजूचेही. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. दोनशे पाच वर्षे! एवढ्या काळात नुसती सत्ता राहत नाही, जीभही बदलते. मात्र बटाट्याची शेती आपल्याकडे फोफावली ती इंग्रजी अमलात. महाबळेश्वरला कैदेत ठेवलेले चिनी बंदीवान बटाटे आणि भाज्या पिकवीत, ही हकीकत मुलांना सांगितली की वर्ग हसतो. अमेरिकेचे पीक, पोर्तुगिजांचे नाव, चिन्याचे हात, इंग्रजांचा तुरुंग. आणि शेवटी तो बसला कुठे, तर आपल्या एकादशीच्या ताटात! साबुदाणा, मिरची, शेंगदाणा, बटाटा, सारे मूळचे अमेरिकेचे. उपवासाला यांतले सगळे चालते, आणि इथलीच तूरडाळ चालत नाही.

कोंबडीची गोष्ट याच्या उलट. ती आशियाने जगाला दिली. आणि २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की पाळीव कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आला आहे. पुढे हीच कोंबडी इटलीत गेली, लिव्होर्नो बंदरावरून तिला लेगहॉर्न नाव पडले, आणि पांढरी लेगहॉर्न बनून ती सरकारी कुक्कुटपालनातून पुन्हा आपल्या खेड्यांत आली. माहेरी आलेल्या लेकीने सासरचे नाव लावावे, तसेच हे झाले.

एवढा सारा इतिहास लेकीच्या बाजूने होता, तरी आमच्या सासूबाई त्या संध्याकाळी ओट्यापाशी आडव्या उभ्या राहिल्या. कढईत साय ओतायची वेळ आली होती.

"दुधान कोंबरी? ना बाय, मना नको."

त्यांचा विरोध हट्टाचा नव्हता. दूध आणि मासा एकत्र खाऊ नये असे चरकसंहितेत विरुद्ध आहाराच्या प्रकरणात सांगितले आहे, आणि आमच्याकडच्या बायकांनी तो निर्बंध मटण-कोंबडीपर्यंत ताणला आहे. पण खरे कारण त्याहून खोल असावे. वसईत पिढ्यान्पिढ्या एक कथा सांगतात : फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने पाणी प्यायले, आणि गाव बाटले. ही कथा अक्षरशः घडली की नाही हा प्रश्न गौण आहे. जमिनी, नोकऱ्या, पाद्र्यांच्या शाळा, राज्याचा धाक अशी धर्मांतराची कारणे पुष्कळ होती. पण लोकांना ती खरी वाटली, आणि घासाने माणूस परका होतो ही धास्ती तिने घराघरांत पेरली. १७३९ नंतर पोर्तुगीज गेले. ख्रिस्ती शेतकरी राहिले, मराठीच बोलत राहिले, तरी एकमेकांच्या घरी पाणी पिताना माणसे कित्येक पिढ्या दहादा विचार करीत. सासूबाईंच्या "मना नको"मागे तेवढी वर्षे उभी होती.

लेक म्हणाली, "आजी, बटाटापण फिरंग्यांचाच ना?"

"त्यो आता आपला झाला," सासूबाई म्हणाल्या, आणि खवणी ओढून बसल्या. नारळ फोडला, खवला, वाटला, पिळला. पहिले दाट दूध एका वाटीत, दुसरे पातळ दुसऱ्या वाटीत. सायीची बाटली तशीच कपाटात गेली.

यामुळे पदार्थ बिघडला असे समजू नका, उलट सुधारला. चार माणसांना अर्धा किलो जुने बटाटे सालीसकट उकडावेत. नवा बटाटा पाणचट, त्याला पीठ फार लागते. गरम असतानाच सोलून कुस्करावेत, वाफ जाऊ द्यावी, मग चवीला मीठ आणि सव्वाशे ग्रॅमच्या आसपास मैदा. पोळीच्या कणकेसारखे मळायचे नाही! जितके मळावे तितका गोळा चिवट होतो. नुसते जमवून आणायचे. बोटाएवढ्या वळ्या करून तुकडे कापावेत आणि काट्यावर दाबावेत. कढईत अर्धा किलो कोंबडीचे हाडाविरहित तुकडे तेलावर तांबूस करून काढावेत, त्याच तेलात कांदा-लसूण, चमचाभर घरचा मसाला. शेजारच्या ख्रिस्ती बाईंकडचा बाटलीतला मसाला असेल तर तोही शोभतो. पूर्वी तो बाटल्यांत ठासून भरीत म्हणून त्याला बॉटल मसाला नाव पडले. मग पातळ दूध घालून कोंबडी पंधरा मिनिटे शिजवावी आणि न्योक्की त्यातच सोडावी. तीन-चार मिनिटांत ती वर तरंगते. तिच्या अंगचे पीठ रश्श्यात उतरून त्याला दाटपणा देते, वेगळे काही लावावे लागत नाही. दाट दूध सर्वांत शेवटी, मंद आचेवर. रटरट उकळले तर नारळाचे दूध फुटते आणि तेल वेगळे होते. सायीला हा धोका कमी, पण आंबट टोमॅटो घातला तर साधे दूध तेवढ्यातच नासते.

सासूबाईंनी प्रथम नुसता रस्सा चाखला, मग दोन गोळे घेतले आणि ते तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्ले. इटलीत याला काय म्हणतील देव जाणे.

उरलेली न्योक्की सकाळपर्यंत रस्सा पिऊन फुगते. ती बाजूला काढून तव्यावर थोड्या तेलात तांबूस परतावी. मुलांच्या शाळेच्या डब्याला चांगली.