जवाचं नाव, धानाचा दाणा

सकाळच्या खाण्याला मराठीत दोन शब्द रुळले आहेत: नाश्ता आणि न्याहारी. दोन्ही फारसीतून आले आणि दोहोंचा मूळ अर्थ एकच, 'काही न खाल्लेला'. म्हणजे उपाशी पोटाचं नाव त्या पोटात जाणाऱ्या घासाला मिळालं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सकाळी चुलीवर जे रटरटतं, त्याची नावं त्याहून जुनी आहेत. कुठे पेज, कुठे आंबील, तर भामरागड-एटापल्लीकडे जावा. कृती एका ओळीत संपते: दाणा भरडायचा, पाण्यात सैल शिजवायचा, मीठ घालायचं आणि प्यायचं. कुळकथा मात्र दोन-अडीच हजार वर्षं मागे जाते, आणि तिच्या उगमाशी एक असा दाणा बसला आहे जो आज काही माणसांना विषासारखा आहे.

ती माणसं म्हणजे सिलिअॅकचे रुग्ण. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन त्यांच्या पोटात गेलं की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषणारे बारीक रसांकुर असतात, ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब, रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा, मुलांची खुंटलेली वाढ असं काहीही दिसू शकतं. त्यावर गोळी नाही. उपाय एकच, ग्लुटेन आयुष्यभरासाठी बंद. अशा माणसाचं दुपारचं जेवण भात-वरणावर निभतं. अडचण सकाळची असते, कारण शहरी सकाळ पोळी, ब्रेड, टोस्ट, रव्याचा उपमा आणि बिस्किटावर उभी आहे.

आता नावांकडे येऊ. आयुर्वेदाच्या ग्रंथांत शिजवलेल्या पातळ धान्याच्या पायऱ्या आहेत. मण्ड म्हणजे नुसतं वरचं पाणी. पेया म्हणजे पाणी फार, शितं थोडी. त्याहून दाट ती यवागू, आणि पळीला लपेटेल इतकी घट्ट ती विलेपी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्या अध्यायात तर वेगवेगळ्या तक्रारींवरच्या २८ यवागू मोजून दिल्या आहेत. पेयेची मराठीत पेज झाली. दाण्याला संस्कृतात सिक्थ म्हणत, त्याचं आपलं शीत झालं. 'शितावरून भाताची परीक्षा' या म्हणीत ते अजून ताजं आहे. आंबट या अर्थाचा अम्ल प्राकृतात अंबिल झाला आणि मराठीत आंबील. कन्नड-तेलुगूत तीच अंबलि.

राहिली यवागू. हा शब्द यव म्हणजे जव या धान्यावरून आला. तेलुगूत तो झिजून जाव झाला, बंगालीत जाउ. प्राणहिता ओलांडली की पलीकडे तेलंगण लागतो आणि अलीकडे सिरोंच्यात घराघरांत तेलुगू बोलली जाते. गोंडी-माडियाचा जावा याच गोतातला. म्हणजे भामरागडच्या डोंगरात, जिथे जवाचं पीक नाही, तिथे सकाळच्या पेयाच्या नावात जव दडलेला आहे. सिलिअॅकवाल्याला जव गव्हाइतकाच वर्ज्य. पण गाडग्यात जव कुठे आहे? नाही. चरकाच्या काळातच यवागू तांदळाचीही होऊ लागली होती. नाव जवाचं राहिलं, दाणा बदलत गेला.

दाणा बदलला तो जमिनीमुळे. चंद्रपूर जिल्ह्याचा पश्चिमेकडचा भाग, म्हणजे वरोरा, राजुरा, कोरपना, काळ्या मातीचा. इथे ज्वारी पिकत आली, म्हणून आंबील ज्वारीची. पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं. विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात ज्वारीची आंबील हवीच असते. रोजच्या गरिबीतलं पेय सणाच्या ताटात मानाने बसतं ते असं. पूर्वेला नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली ही झाडीपट्टी धानाची. चांद्याच्या गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव बांधण्याला उत्तेजन मिळालं, कोहळी समाजाने पाळी बांधण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली, आणि मालगुजारी गेल्यावर या तलावांना 'मामा तलाव' (माजी मालगुजारी) हे नाव पडलं. तलावाखाली धान आणि धानाखाली पेज. त्याहून दक्षिणेला, डोंगरउतारावर पाणी साठत नाही तिथे, नाचणी, कोदो, कुटकी. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, पण गाडग्याची सीमा त्याआधीपासून मातीनेच आखली होती.

या तिन्ही पट्ट्यांतलं साम्य असं की एकाही दाण्यात ग्लुटेन नाही. ज्वारीत नाही, तांदळात नाही, नाचणी-कोदो-कुटकीत नाही. आणि पेज इथे रुजली त्याचं अर्धं कारण हेच असावं.

ग्लुटेन या लॅटिन शब्दाचा अर्थ सरस, डिंक. इटलीतल्या बोलोन्याच्या बेक्कारी या विद्वानाने १७२८ साली गव्हाची कणीक पाण्यात धुऊन पिष्ट वेगळं काढलं; हातात जो रबरासारखा गोळा राहिला तो ग्लुटेन. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया करणारी प्रत्येक बाई हा प्रयोग उलट बाजूने करते. गहू तीन दिवस भिजवून वाटला की तळाशी बसलेला चीक ती ठेवते आणि चोथा बाजूला सारते. बेक्कारीला हवं होतं ते आपल्याकडे पुष्कळसं चोथ्यात जातं. (म्हणून कुरडई सिलिअॅकवाल्याला चालते असं मात्र नव्हे. गव्हाचा चीक घरगुती धुण्याने निर्मळ होत नाही.) हा डिंक असतो म्हणून कणीक ताणली जाते, पोळी लाटता येते, पाव फुगतो. तांदळाच्या किंवा ज्वारीच्या पिठाला हा डिंक नाही. ते लाटायला गेलं की फाटतं. म्हणून त्यावर इथल्या बायकांनी तीन तोडगे काढले. एक, पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, म्हणजे पिष्ट फुगून चिकटतं, आणि भाकर हाताने थापायची. दोन, पीठ सैल करून तव्यावर ओतायचं, की झालं धिरडं. झाडीपट्टीत तांदळाच्या अशा पातळ धिरड्याला आयते म्हणतात. तीन, चिकटवण्याचा नादच सोडायचा आणि दाणा पाण्यातच ठेवायचा. ही तिसरी वाट म्हणजे पेज.

उरलेलं अर्धं कारण पैशाचं आणि उन्हाचं. धान उखळात कांडलं की अख्खा तांदूळ, कणी आणि कोंडा असे तीन वाटे होतात. अख्खा तांदूळ बाजारात, सावकाराकडे, पाहुण्यांच्या ताटात. कणी घरात, आणि कणीचा भात मोकळा होत नाही, पेज मात्र सुरेख होते. याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या सापडल्या. त्या जपून, वर्षानुवर्षं निवडत त्यांनी जो बारीक तांदूळ तयार केला, त्याला त्या काळी मनगटावर मिरवणाऱ्या घड्याळाचं नाव मिळालं: एचएमटी. आज तो देशभर खाल्ला जातो. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले. त्यांचा तांदूळ शहराच्या ताटात अख्खा पोचतो. त्याची कणी इथल्या गाडग्यात राहते.

आणि ऊन. चंद्रपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांपुढे जातो. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती वेचायला उजाडायच्या आत निघावं लागतं. त्यामागोमाग तेंदूपत्त्याचा हंगाम. अशा कामावर कोरडी भाकर घशात अडकते. पातळ, किंचित आंबलेली, खारट पेज पाणी, मीठ आणि दाणा एकदमच देते, आणि वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यातून खांद्यावर नेता येते. जंगलात पळसाच्या पानाचा द्रोण केला की भांडंही लागत नाही. आंबण्याचा फायदा आणखी एक: आम्ल वाढलं की नासवणारे जंतू मागे हटतात, म्हणून रात्रीची आंबील सकाळपर्यंत टिकते.

आता ही कुळकथा हॉलंडमध्ये जाऊन येते. सिलिअॅक हे नाव ग्रीक 'कोइलिया', म्हणजे पोट, यावरून आलं. कप्पाडोकियाच्या आरेटायस या वैद्याने प्राचीन काळीच अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ साली या आजाराची आधुनिक नोंद केली. इलाज आहारातच आहे हे त्यांनी ताडलं, पण कोणता घास दोषी ते कळेना. एका मुलाला तर रोज शिंपले खाऊ घालून बरं वाटल्याची त्यांची नोंद आहे. १९२४ साली अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार काढला. मुलं सुधारली, श्रेय केळ्याला मिळालं; खरं तर केळ्यांनी फक्त पावाची जागा अडवली होती. गहूच दोषी हा संशय द हेगच्या बालरुग्णालयातल्या विलेम डिके यांना बरीच वर्षं होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि देश भुकेने खंगत असताना सिलिअॅकची मुलं सावरली. पाव परतला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी प्रबंधात ते सिद्ध केलं. एका देशाची चूल विझली तेव्हा कळलं की दोष कशात आहे.

भारतातही नकाशा गव्हाच्या मागे चालतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सिलिअॅक दर्शवणारी प्रतिपिंडं रक्तात असलेल्यांचं प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघालं. या आजाराला पोषक जनुकं सगळीकडेच थोड्याफार फरकाने आहेत. फरक पडतो तो ताटात गहू किती यावर. झाडीपट्टीत गहू कालपर्यंत सणाचा पाहुणा होता. आता तो रेशनच्या पोत्यातून, बिस्किटाच्या पुड्यातून, चौकातल्या मैद्याच्या समोशातून रोजचा झाला आहे. गावातली पेज मागे सरत असताना शहरात मात्र 'ग्लुटेन-फ्री' अशी चिठ्ठी लावलेली नाचणी-कोदोची पाकिटं चढ्या भावाने विकली जातात.

म्हणून सिलिअॅकच्या घरी या गाडग्यातून काय घेता येईल, ते सरळ सांगतो. नाचणीचं पीठ रात्री ताकात कालवून सकाळी शिजवलं की आंबील. त्यात कांदा, जिरं. कणीची पेज, सोबत जवसाची चटणी. इथे जवस म्हणजे तेलबी, जव नव्हे. नावाच्या सारखेपणाने घाबरू नये. भिजवलेल्या मुगाची किंवा तांदळाची धिरडी, कुटकीचा उपमा, ज्वारीच्या कण्या. मोहफुलं आणि तिळाचे लाडू. नुसत्या पांढऱ्या तांदळावर राहिलं तर लोह आणि चोथा कमी पडतो, म्हणून डाळ, तीळ, जवस, पालेभाजी यांची जोड हवी. आणि एक गोष्ट पक्की: संशय आला म्हणून आपणच गहू बंद करू नये. आधी डॉक्टरांकडून रक्ताची टीटीजी चाचणी, गरज असेल तर आतड्याची बायोप्सी. गहू आधीच सोडला असेल तर तपासणी फसवं उत्तर देते.

घात होतो तो लपलेल्या गव्हाने. चंद्रपूरच्या टपरीवरचे तर्री पोहे पाहा. पोहे तांदळाचे, तर्रीतले चणे निर्दोष. पण फोडणीतला हिंग? बाजारचा बांधानी हिंग बहुधा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मिसळलेला असतो. वरची शेव कोणत्या चक्कीच्या बेसनाची? गावच्या चक्कीत आधीच्या गिऱ्हाईकाचा गहू दळला असेल तर पाठोपाठ पडणारं ज्वारीचं पीठ निर्मळ राहत नाही. नियमाप्रमाणे ग्लुटेनमुक्त पदार्थात किलोमागे वीस मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन चालत नाही. चक्कीच्या दगडात अडकलेलं पीठ ती मर्यादा सहज ओलांडतं. घरचं जातं किंवा वेगळा मिक्सर हा त्यावरचा खरा उपाय. 'नाचणी बिस्कीट' या नावाखाली पहिला घटक अनेकदा मैदा असतो, आणि 'मल्टिग्रेन' भाकरीत बहुधा गहू.

जावाच्या कुळकथेनेही हेच दाखवलं: नाव जवाचं, दाणा धानाचा. बिस्किटात ते उलटं झालं आहे, नाव नाचणीचं आणि दाणा गव्हाचा. इकडे कुणी आंबील पुढे केली की हात पुढे करण्याआधी सहज विचारलं जातं, "कशाची?" ज्वारीची, नाचणीची, कणीची, जे असेल ते उत्तर येतं. विचारणाऱ्याला फक्त चव ताडायची असते. सिलिअॅकच्या माणसाने तोच प्रश्न प्रत्येक ताटापुढे विचारायचा आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत घास थांबवायचा आहे.